शनिवारी घाणा बंद ठेवणारे मराठी लोक

(पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा, पण कमेंट करण्याआधी वाचा एवढी विनंती.)

ऑक्टोबर २०२३ पासून आमच्या अकोल्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर इस्रायलशिवाय आठवडा जात नाही. शाळेच्या बॅचचा ग्रुप असो, कॉलनीचा असो की निवृत्त शिक्षकांचा. अर्ध्या लोकांना इस्रायल म्हणजे घरात घुसून मारणारा मर्द देश वाटतो, उरलेल्या अर्ध्यांना जगातल्या सगळ्या पापांचं मूळ. सात ऑक्टोबरला मारलेली, पळवून नेलेली माणसं आणि त्यानंतर गाझात ढिगाऱ्याखाली गेलेली लेकरं, दोन्ही बाजूंना आपापल्या सोयीचीच तेवढी दिसतात. आणि खरं सांगू का, या भांडणात इस्रायल फक्त नावाला असतं. भांडण आपल्याच गावातलं असतं. मे २०२३ मध्ये अकोल्याच्या जुन्या शहरात एका सोशल मीडिया पोस्टवरून काय पेटलं होतं ते आपण विसरलेलो नाही.

पण या दोन्ही बाजूंच्या मनात एक चित्र मात्र सारखंच आहे. ज्यू म्हणजे गोरा, दाढीवाला, काळी हॅट घातलेला, कुठला तरी परदेशी माणूस. त्याचा आपला संबंध नाही.

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. आधी अमरावतीत, मग अकोल्यात. हिटलरचा धडा आला की एखादं पोरगं हमखास विचारायचं, "सर, आपल्या इथं होते काय हे लोकं?" मी म्हणायचो, होते, आहेत, आणि मराठी बोलतात. वर्ग हसायचा. ज्यू आणि मराठी, हे काही पोरांच्या डोक्यात बसत नसे. मोठ्यांच्याही बसत नाही हे या दोन वर्षांत कळलं. म्हणून एकदा नीट लिहितो.

अलिबागजवळ नवगाव आहे. बेने इस्राएल लोकांची आठवण अशी की फार जुन्या काळी त्यांच्या पूर्वजांचं गलबत तिथल्या किनाऱ्याजवळ फुटलं. सात पुरुष आणि सात बाया वाचल्या. बाकीच्यांची प्रेतं गावकऱ्यांच्या मदतीने पुरली, ती जागा नवगावला आजही दाखवतात. किती जुनी गोष्ट, यावर पंडितांचं एकमत नाही. कोणी दोन हजार वर्षं म्हणतं, कोणी त्याहून बरीच कमी. सात-सात वाचल्याची गोष्ट आपल्याकडे चित्पावनांच्या कथेतही थोडी वेगळ्या रूपात येते, तेव्हा आकड्यावर फार अडून बसू नये. २०१६ साली त्यांच्या जनुकांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ज्यू वंशाचा अंशही भरपूर निघाला आणि भारतीयही भरपूर. म्हणजे बाहेरून आलेली माणसं आणि इथली माणसं, दोघांची ही लेकरं.

या लोकांनी कोकणात तेलाचा धंदा धरला. घाणा चालवायचे. आपल्याकडे वऱ्हाडात तेल्याचा घाणा म्हटलं की जवस, तीळ, करडई आठवते. तिकडे खोबरं आणि तीळ. फरक एवढाच की हे लोक शनिवारी बैल सोडायचे नाहीत. घाणा बंद, चूल थंड. गावाने त्यांना नाव दिलं शनिवार तेली. बास. त्यांचा देव कोणता, पोथी कोणती, कुठून आले, याची चौकशी गावाने केली नाही. हे तेली आहेत आणि यांची सुट्टी शनिवारी असते, एवढ्यावर गावाचं काम भागलं.

आडनावं पहा. पेणकर, रोहेकर, चेऊलकर, दिवेकर, नवगावकर, किहीमचे केहिमकर, अष्टमीचे अष्टमकर. नावंही मराठी वळणाची झाली. शमुवेलचा सामाजी, यहेज्केलचा हसाजी, इसहाकचा इसाजी, अब्राहामचा आबाजी, मोशेचा मुसाजी. बाया नऊवारी नेसायच्या, हिरवा चुडा भरायच्या, गळ्यात मंगळसूत्र. दूध आणि मांस एकत्र खायचं नाही हा त्यांच्या धर्माचा नियम, मग मटणाच्या रश्शात नारळाचं दूध. कोकणात नारळाला काय तोटा!

मला सगळ्यात जास्त आवडतात ती त्यांच्या सणांची नावं. हिब्रू नावं कधीतरी विसरली गेली, सण राहिले, आणि मग त्यांना घरातल्या बायकांनी घरातली नावं दिली असावीत असं मला वाटतं, कारण निम्मी नावं स्वयंपाकघरातली आहेत. नवीन वर्ष म्हणजे नव्याचा सण. प्रायश्चित्ताचा मोठा उपास, ज्या दिवशी दार लावून दिवसभर घरात बसायचं, कोणाला शिवायचं नाही, तो दरफाळणीचा सण. दुसऱ्या दिवशी दानधर्म, तो शिळा सण. जेरुसलेमचं मंदिर पाडलं गेलं त्या दिवसाच्या शोकानंतर वालाचं बिरडं करायचं, म्हणून बिरड्याचा सण. एक खिरीचा सण. पुरीम हा सण होळीच्या आसपास येतो, तर त्याला सरळ होळीचाच सण म्हणायचे. आणि वल्हांडण, ज्याच्यात आठ दिवस आंबवलेलं काही घरात ठेवायचं नाही, त्याचं नाव अनाशी ढकाचा सण. आंबट पाणी ठेवायचं जे भांडं असे त्यावर झाकण घालून ते बाजूला ठेवायचं, म्हणून. मंदिर पडलं हजारो कोसांवर, आणि त्याची आठवण रायगड जिल्ह्यातल्या एका आळीत वालाच्या बिरड्याने राखली. मला तरी हे विद्वानांच्या दहा ग्रंथांपेक्षा मोठं वाटतं.

एलियाहू हन्नबी, म्हणजे संदेष्टा एलिया, यांचा मोठा नवसाचा देवमाणूस. त्याच्या नावाने मलिदा करतात. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वर फळं. लग्न ठरलं, पोर परीक्षेत पास झालं, घर घेतलं, की मलिदा. अलिबागजवळ खंडाळ्याला एक खडक आहे, तिथे त्याचा रथ उतरला अशी श्रद्धा आहे. जगातल्या दुसऱ्या कुठल्या ज्यूंमध्ये हे नाही. आपल्या सत्यनारायणाच्या प्रसादाचा वास त्याला येतो, हे मी म्हटलं तर त्यांच्यातल्या कोणाला राग येऊ नये.

आता आपल्याकडचे काही मित्र इथे लगेच छाती फुगवतात. बघा, युरोपात ज्यूंना जाळलं, आपण त्यांच्या केसालाही धक्का लावला नाही. हे खरंच आहे, आणि त्याचा आनंद वाटायलाच पाहिजे. पण मास्तर असल्यामुळे पुढचा प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. आपण त्यांना दिलं काय? जातीच्या उतरंडीतली एक पायरी दिली. तेल्याची. तुम्ही तुमच्या पायरीवर, आम्ही आमच्या. तुमच्यात आम्ही येत नाही, आमच्यात तुम्ही येऊ नका. या व्यवस्थेत जाळपोळ होत नाही, आणि बरोबरीही होत नाही. तिने शनिवार तेल्यांना सांभाळलं आणि त्याच वेळी गावकुसाबाहेरच्या माणसाचं पाणी तोडलं. एक बाजू सांगायची तर दुसरीही सांगावी लागते.

आणि माणूस ज्या मातीत राहतो तिचा गुण घेतोच. बेने इस्राएलांमध्येही दोन थर पडले. गोरा इस्राएल आणि काळा इस्राएल. ज्यांच्या घराण्यात आई बाहेरच्या समाजातली होती असं मानलं जाई, ते काळे. कातडीच्या रंगाशी याचा फारसा संबंध नव्हता. गोऱ्यांनी काळ्यांशी सोयरीक करायची नाही, पंगतीला बसायचं नाही. स्वतः हाईम सॅम्युएल केहिमकरांनी, ज्यांनी १८९७ साली आपल्या समाजाचा पहिला मोठा इतिहास इंग्रजीत लिहिला, हे भेद नोंदवून ठेवलेत. (हे पुस्तक छापून यायला १९३७ साल उजाडलं, आणि छापलं कुठे, तर तेल अवीवला.)

मग एकोणिसाव्या शतकात मुंबईत बगदादहून श्रीमंत ज्यू आले. डेव्हिड ससून वगैरे मंडळी. अफू आणि कापसाचे व्यापारी. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६० नंतर मुंबईच्या कापूसबाजारात सोनं पिकलं, खामगाव-अमरावतीच्या आपल्या कापसाला त्या काळी जो भाव चढला तो याच बाजारातून. पुण्यातलं लाल देऊळ याच ससूनने बांधलं, १८६७ साली. हे बगदादी लोक बेने इस्राएलांना काय समजायचे? १८३६ मध्ये त्यांनी सरकारकडे अर्ज केला की मुंबईतल्या ज्यू दफनभूमीत मध्ये भिंत घालून द्या, आमची मढी एका बाजूला, यांची दुसऱ्या बाजूला. म्हणजे बगदादी ज्यू गोऱ्या इस्राएलाला कमी लेखणार, गोरा इस्राएल काळ्या इस्राएलाला. वऱ्हाडातल्या माणसाला हे समजवून सांगायची गरज आहे काय? आपल्याला ही शिडी पाठ आहे.

मुंबईत आल्यावर मात्र या समाजाचं नशीब पालटलं. कंपनीच्या फौजेत भरती झाले, सुभेदार झाले. सामाजी हसाजी दिवेकर हा त्यातलाच. त्याने १७९६ मध्ये मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधलं. टिपूच्या कैदेतून जिवंत सुटलो तर देवाचं घर बांधीन, असा त्याचा नवस होता असं सांगतात. पुढे स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन आले. त्यांनी या लोकांना ख्रिस्ती करावं म्हणून हिब्रूचं व्याकरण मराठीत लिहिलं, शाळा काढल्या, जुना करार मराठीत मिळू लागला. झालं उलटंच. बेने इस्राएलांना स्वतःचा धर्म मातृभाषेत वाचायला मिळाला आणि ते अधिक पक्के ज्यू झाले. ख्रिस्ती झाले ते अगदी थोडे. मिशनऱ्यांचा एवढा सुंदर पराभव दुसरीकडे क्वचितच झाला असेल. १८७४ साली पुण्यात वल्हांडणाची पोथी हिब्रू-मराठी अशी छापली गेली. त्यातल्या चित्रात बेखमीर भाकरी करणाऱ्या बाया लुगडं नेसलेल्या आहेत. १८८० नंतर तर त्यांनी कीर्तन उचललं. तेच पूर्वरंग-उत्तररंग, त्याच साक्या-दिंड्या, आणि आख्यान कोणाचं, तर अब्राहामाचं, मोशेचं, योसेफाचं.

माणसंही मोठी झाली. शालोम बापूजी इस्राएल जंजिऱ्याच्या नवाबाचे कारभारी होते, मुसलमान संस्थानिकाचा ज्यू कारभारी, हे त्या फॉरवर्डवाल्यांनी जरा लक्षात घ्यावं. डॉ. एलिजा मोझेस १९३७-३८ मध्ये मुंबईचे महापौर होते, महालक्ष्मी-वरळीचा डॉ. ई. मोझेस रोड त्यांच्याच नावाचा. 'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट, १९३१ चा. त्याची कथा जोसेफ डेव्हिड पेणकरांची. 'बूट पॉलिश'मधला जॉनचाचा आठवतो? ते डेव्हिड, म्हणजे डेव्हिड अब्राहाम चेऊलकर. कवी निस्सीम इझिकेल याच समाजातले.

यात एका बाईंबद्दल थोडं थांबून लिहितो, कारण त्यांचं नाव कोणी घेत नाही. डॉ. जेरुशा झिराड. जन्म १८९०. मुंबईत शिकल्या, भारत सरकारची शिष्यवृत्ती घेऊन इंग्लंडला गेल्या, १९१९ मध्ये लंडनची एम.डी. घेतली. १९२८ पासून १९४७ पर्यंत मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख. त्या काळात बाळंतपणात बाया का मरतात याचा त्यांनी मुंबईत पद्धतशीर शोध घेतला. १९६६ मध्ये पद्मश्री मिळाली. मेळघाटातल्या माता-बालमृत्यूवर आपण अमरावतीत इतकी वर्षं बोलतोय. एक मराठी ज्यू डॉक्टरीण तोच प्रश्न तीसच्या दशकात आकडे मांडून विचारत होती.

मग प्रश्न येतो की एवढं सगळं असताना हे लोक गेले का?

त्यांना कोणी हाकललं नाही. स्वातंत्र्याच्या वेळी भारतात ज्यू वीस हजारांवर होते. १९४८ साली इस्रायल झालं. पिढ्यान्‌पिढ्या प्रार्थनेत जेरुसलेमचं नाव घेतलेलं. शिवाय इंग्रजांच्या काळात रेल्वे, तार, पोस्ट, कस्टम या नोकऱ्यांत त्यांची चांगली वर्णी होती, आता पुढे काय ही काळजी मध्यमवर्गाला होतीच. भारताने इस्रायलला १९५० मध्ये मान्यता दिली, पण पूर्ण राजनैतिक संबंध व्हायला १९९२ उजाडलं. म्हणजे चाळीसेक वर्षं हे लोक अशा देशात गेले जिथे भारताचा दूतावासच नव्हता. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या देशात ज्यू उरले ४,६५०. आमच्या अकोल्यातल्या एखाद्या वॉर्डात याहून जास्त माणसं राहतात.

तिकडे गेल्यावर काय झालं, ही गोष्ट आपल्याकडे कोणी सांगत नाही. इस्रायलच्या भक्तांना ती अडचणीची, विरोधकांना ठाऊक नाही.

नव्या देशाने या लोकांना पाठवलं दक्षिणेच्या वाळवंटात. बीरशेबा, दिमोना, येरुहाम. मुंबईत कचेरीत पांढऱ्या शर्टात काम केलेला माणूस तिथे खडी फोडायला. रंगावरून हिणवणं सुरू झालं. काळ्या लोकांना काळा पाव देतात, ही तक्रार तेव्हा फार गाजली. शेवटी काही कुटुंबांनी सांगितलं, आम्हाला परत भारतात पाठवा. धरणं धरली, उपोषणं केली. आणि १९५२ साली शंभरावर माणसांना विमानाने खरंच मुंबईला परत आणावं लागलं. त्यातले बरेचसे पुढे पुन्हा इस्रायलला गेले, हेही तितकंच खरं. मुंबईतलं घर सुटलेलं, नोकरी गेलेली, भाऊबंद तिकडे.

आता एक योगायोग. आपल्या मोर्शी-वरुडकडे संत्र्याची नवीन बाग लावली की शेतकरी विचारतो, "इंडो-इस्राईल पद्धतीनं लावली काय?" गादीवाफा, सहा बाय तीनवर झाड, आणि ठिबक. अकोल्याच्या पंजाबराव कृषी विद्यापीठाच्या नागपूरच्या केंद्रावर संत्र्याचं भारत-इस्रायल प्रात्यक्षिक आहे, कित्येकांनी पाहिलं असेल. वऱ्हाडात इस्रायल या शब्दाचा शेतावरचा अर्थ ठिबकची नळी. ही नळी जिथून निघाली ते हात्झेरीम नावाचं किबुत्झ. सिम्खा ब्लास या इंजिनिअरबरोबर त्यांनी १९६५ मध्ये कारखाना टाकला. हे हात्झेरीम बीरशेबापासून दहा किलोमीटरसुद्धा नाही. तेच बीरशेबा, जिथे मराठी बायामाणसं काळ्या पावासाठी भांडली. एका ओळखीच्या बागाईतदाराला हे सांगितलं तर तो म्हणे, "मंग सर, तिथं कोणी मराठीत सांगणारा भेटला असता तर आपल्याले इंग्रजी पुस्तकं कायले वाचा लागली असती?" त्याचं म्हणणं अगदीच चूक नाही.

पावापेक्षा मोठा घाव पुढे बसला. इस्रायलमध्ये ज्यूंचं लग्न लावायचा अधिकार धर्मपीठाचा, म्हणजे मुख्य रब्बीच्या कार्यालयाचा. तिथल्या काही रब्बींनी शंका काढली की हे भारतातले लोक खरे ज्यू आहेत कशावरून? शंका अशी. ज्यू धर्मात घटस्फोट धार्मिक पत्राशिवाय झाला आणि बाईने दुसरं लग्न केलं, तर ती संतती पिढ्यान्‌पिढ्या लग्नाला वर्ज्य. कोकणात शतकानुशतकं रब्बीच नव्हता, तर मग यांचे घटस्फोट कोणी दिले, कसे दिले? बेने इस्राएलांचं उत्तर साधं होतं. आमच्यात घटस्फोट जवळजवळ होतच नव्हते. विधवांची दुसरी लग्नंही आम्ही टाळायचो, शेजारी टाळायचे तशीच. १९६१ मध्ये धर्मपीठाने तत्त्वतः मान्य केलं की यांच्याशी लग्न करायला हरकत नाही. पण १९६२ च्या फेब्रुवारीत सूचना निघाली: बेने इस्राएल मुलाचं किंवा मुलीचं दुसऱ्या ज्यूशी लग्न नोंदवायचं असेल तर आई, आजी, आणि त्याच्याही मागे जितकं जाता येईल तितकं जाऊन तपासा.

कागद कुठून आणायचा? पेणच्या आजीचा, रोह्याच्या पणजीचा? ती शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावत होती याचा दाखला कोणता तलाठी देणार?

या लोकांनी मान खाली घातली नाही. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेमला बायालेकरांसह धरणं धरून बसले. त्यांचं म्हणणं होतं, आम्हाला सवलत नको, तपासणीच नको. ऑगस्टमध्ये पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या सरकारने खास अधिवेशन बोलावलं, आणि संसदेने ठराव केला की बेने इस्राएल हे सर्व बाबतींत, लग्नासकट, बाकीच्या ज्यूंच्या बरोबरीचे आहेत. त्याच महिनाअखेरीस धर्मपीठाने त्या सूचनेतून बेने इस्राएलांचं नाव काढलं. मराठी माणसाने परदेशात जिंकलेला हा एक मोठा सत्याग्रह. आपल्या पाठ्यपुस्तकात त्यावर ओळ नाही.

एक गोष्ट मात्र मला राहून राहून खटकते. ज्यांना जेरुसलेममध्ये "तुमची आजी कोण" म्हणून विचारलं, त्यांच्याच आज्यांनी काळ्या इस्राएलांना तोच प्रश्न विचारला होता. इस्रायलला गेल्यावर तो काळा-गोरा भेद बराचसा विरघळला म्हणतात. सगळ्यांनाच एका तागडीत तोलल्यावर आपापसातलं वजन कोण बघणार?

आता मी हे सगळं वऱ्हाडात बसून का लिहितोय, असं काहींना वाटेल. अमरावतीच्या जात पडताळणी कार्यालयाच्या बाहेर एक दिवस उभे राहून बघा. १९५० पूर्वीचा पुरावा आणा. पणजोबाचा शाळा सोडल्याचा दाखला आणा, जो पणजोबा शाळेतच गेला नव्हता. कोतवाल बुकाची नक्कल आणा, तर त्या सालाचं पान वाळवीने खाल्लेलं. माझे कितीतरी विद्यार्थी मेडिकलची, इंजिनिअरिंगची जागा हातात असताना त्या एका कागदासाठी रडले आहेत. खोटे दाखले काढणारेही आहेत, त्यांच्यामुळे खऱ्याची जागा जाते, हेही मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून तपासणी नकोच असं मी म्हणणार नाही. २०२५ मध्ये अकोला-अमरावतीत उशिरा नोंदवलेल्या जन्मदाखल्यांवरून केवढा गदारोळ झाला. कोणी खरंच घुसलेलं असेल तर शोधा, तो सरकारचा अधिकारच आहे. पण आमच्याकडे घरी बाळंतपणं होऊन चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी जन्मलेल्या, नोंद न झालेल्या बाया सगळ्याच जातीधर्मांत आहेत. माझ्या स्वतःच्या आईची जन्मतारीख मास्तरांनी शाळेत अंदाजाने टाकलेली, एक जून. तुमच्याही घरात एक जूनवाले दोन-चार निघतील. संशय कोणावर घ्यायचा आणि कोणावर नाही, हे कागद बघण्याआधीच ठरलेलं असतं. बेने इस्राएलांच्या बाबतीत ते कातडी बघून ठरलं होतं.

इस्रायलमध्ये आज भारतीय वंशाचे ज्यू ऐंशी हजारांच्या घरात सांगतात, त्यात मोठा भाग बेने इस्राएलांचा. दिमोनात भेळ मिळते, पुरणपोळी होते, मराठी नाटकं होतात. 'मायबोली' नावाचं मराठी त्रैमासिक तिथून निघतं, ऐंशीच्या दशकापासून. काढणारी माणसं म्हातारी झाली आहेत. तिसरी पिढी घरात हिब्रू बोलते, सैन्यात जाते, आणि सुट्टीत मुंबई-अलिबागला येऊन इस्राएल आळीत फोटो काढते. त्यांच्या आजीच्या तोंडची मराठी काहीशी जुन्या वळणाची आहे म्हणतात, पन्नास-साठच्या दशकातली, इथून जाताना होती तशीच. आपली मराठी दरम्यान किती बदलली ते आपण बघतोच.

महाराष्ट्र सरकारने जून २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. तोवर सरकारी फॉर्मवर धर्माच्या रकान्यात त्यांना 'इतर' वर टिक करावी लागे.

आता माझं एक काम आहे तुमच्याकडे. बेने इस्राएल मंडळी रेल्वेत, तारखात्यात भरपूर होती आणि बदल्या होऊन देशभर राहिली. बडनेरा, अकोला, मूर्तिजापूर, शेगाव, भुसावळ, या भागातल्या जुन्या रेल्वे कॉलन्यांत तुमच्या आजोबा-वडिलांच्या शेजारी असं एखादं कुटुंब राहिलं होतं काय? घरी कोणी सांगायचं काय, की शेजारच्या काकू शनिवारी चूल पेटवत नव्हत्या, किंवा कधी वाटीभर पोहे-खोबऱ्याचा मलिदा पाठवायच्या? वर्गात बरोबर एखादा 'कर' आडनावाचा सॅम्युएल किंवा रिबेका होती काय? नाव-गाव जाहीर लिहू नका, फक्त आठवण लिहा. कोणतं स्टेशन, साधारण कोणतं दशक, एवढं पुरे. मी सगळं वहीत उतरवून ठेवतोय. घरी ऐंशीच्या पुढचं कोणी असेल तर त्यांना आजच विचारा.